प्लास्टिकची माती आणि घरातली भट्टी

सुट्टीत मुलींचे शिबिर भरते, रंगीत गोळ्यांतून कर्णफुले, बाहुल्या, शीतकपाटावर चिकटवायची फळे तयार होतात, आणि मग घरी प्रश्न निघतो: हे ज्या ओव्हनमध्ये आपण नानकटाई भाजतो त्यातच भाजायचे का? आजी म्हणते, प्लास्टिक तापवू नका. नात म्हणते, पुडक्यावरच तसे लिहिले आहे. गंमत अशी की दोघींचेही बरोबर आहे. फक्त कोणाचे कोठपर्यंत बरोबर, ते पाहावयास हवे.

पॉलिमर क्ले ही नावाने माती असली तरी कुंभाराच्या मातीशी तिचे नाते नाही. आपल्या घरात पाण्याचे नळ ज्या पीव्हीसीचे असतात त्याच पदार्थाची ही अतिबारीक पूड होय. तिच्यात एक तेलकट द्रव मिसळलेला असतो. त्याला आपण मृदुकारक म्हणू. शिवाय रंग आणि थोडा भराव. गोळा कच्चा असतो तेव्हा हे कण आणि हा द्रव शेजारी शेजारी नांदत असतात, पण एकरूप झालेले नसतात. उष्णता मिळाली की कण द्रव शोषून फुगतात, एकमेकांत मिसळतात आणि निवल्यावर त्यांचा एकसंध तुकडा होतो. भिजलेला साबुदाणा परतताना पारदर्शक होऊन एकमेकांस चिकटतो, तसेच काहीसे हे आहे. भट्टीतल्या विटेसारखे येथे काही जळून पक्के होत नाही.

हा पदार्थ मुळात घरच्या ओव्हनसाठीच घडविला गेला. जर्मनीतील विख्यात बाहुलीकार केटे क्रूझे यांच्या कन्या सोफी रेहबिंडर-क्रूझे यांनी असा गोळा सिद्ध केला. १९६४ साली तो एबरहार्ड फाबर या कंपनीने घेतला आणि पुढे ‘फिमो’ या नावाने तो जगभर गेला. त्याला लागणारे उष्णतामानही माफक: फिमोला ११० अंश सेल्सिअस आणि अर्धा तास, काही अमेरिकी गोळ्यांना १३५ च्या आसपास. पोळीचा तवा याहून कितीतरी अधिक तापतो.

मग भीती कसली? पीव्हीसीच्या रेणूत क्लोरीन असतो. उष्णता हद्दीबाहेर गेली की तो हायड्रोजन क्लोराइड वायूच्या रूपाने सुटू लागतो. दीडशेच्या पुढे सावध राहावे. पावणेदोनशेच्या पुढे ही क्रिया भरभर होते. तुकडा आधी तपकिरी पडतो, मग काळा. हा वायू डोळ्यांना आणि घशाला झोंबतो. ओलाव्याशी गाठ पडली की त्याचे हायड्रोक्लोरिक आम्ल होते, आणि ओलावा तर आपल्या श्वासनलिकेतच असतो. दम्याच्या माणसाने या वाफेजवळ मुळीच थांबू नये. म्हणजे नीट भाजणे आणि जाळणे यांत पन्नास अंशांचेही अंतर कित्येकदा नसते. सारा प्रश्न या चिंचोळ्या पट्टीचा आहे.

आणि नेमके येथेच आपल्याकडे घोटाळा होतो. अमेरिकी पुडक्यावर २७५ हा आकडा छापलेला असतो, आणि तो असतो फॅरनहाइटचा. आपल्या ओव्हनची चकती सेल्सिअसची, आणि बहुधा २५० वर संपणारी. वाचणारी व्यक्ती स्वाभाविकपणे ती शेवटापर्यंत फिरवते. २७५ मधून ३२ वजा करा, ९ ने भागा, ५ ने गुणा: उत्तर १३५. चकती २५० वर असेल तर दहा-पंधरा मिनिटांत स्वयंपाकघर धुराने भरेल. पुडके उघडण्याआधी आकड्यापुढचे अक्षर वाचावे.

दुसरा घोटाळा चकतीचाच. लहान ओटीजीत तापणाऱ्या कांड्या वर आणि खाली अगदी जवळ असतात. त्या लालबुंद होतात, विझतात, पुन्हा पेटतात. त्या अवधीत उष्णतामान वीस-तीस अंशांनी खालीवर होऊ शकते. चकतीवर १३० असले तरी कांडीखालच्या कर्णफुलाला त्याहून बरेच अधिक सोसावे लागते. म्हणून ओव्हनमध्ये ठेवावयाचा साधा तापमापक घ्यावा. चारदोन शे रुपयांची ही वस्तू, पण मला विचाराल तर या सर्व प्रकरणातील खरी सुरक्षितता हीच. बाकीच्या सूचना तिच्यामागून येतात. ओव्हन आधी तापवून स्थिर होऊ द्यावा, मधल्या जाळीवर एक चिनी मातीची लादी ठेवून तीवर वस्तू मांडाव्या, वर अॅल्युमिनियमच्या पत्र्याचा सैल तंबू करावा. मायक्रोवेव्ह मात्र या कामाचा नव्हे; त्याची उष्णता कोठे साचेल याचा भरवसा नसतो.

भीतीपोटी काहीजणी कमी तापवतात. हेही वाईट. अर्धे भाजलेले कण मृदुकारकाला पुरते धरून ठेवीत नाहीत. तुकडा ठिसूळ होतो आणि द्रव बाहेर झिरपू शकतो. तोंडात वस्तू घालणाऱ्या मुलाच्या हाती असा तुकडा नको.

या मृदुकारकाचा इतिहास थोडा सांगावा लागेल. पूर्वी त्यासाठी थॅलेट जातीची रसायने वापरीत. अमेरिकेतील व्हर्माँट पब्लिक इंटरेस्ट रिसर्च ग्रुप या संस्थेने २००२ साली या गोळ्यांतील थॅलेटांबद्दल अहवाल काढला. त्यांतील काहींचा संशय शरीरातील अंतःस्रावांवर परिणाम करण्याचा. २००५ साली युरोपात आणि २००८ साली अमेरिकेत कायद्याने मुलांच्या खेळण्यांतील अशा काही थॅलेटांवर शेकडा ०.१ ची मर्यादा आली, आणि मोठ्या उत्पादकांनी घटक बदलले. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानकाचे चिन्ह सक्तीचे झाले आहे. तेव्हा ज्या पुडक्यावर ना कर्त्याचे नाव, ना उष्णतामान, ते कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये.

आता नानकटाईचा प्रश्न. योग्य उष्णतेवर अधूनमधून भाजावयाचे असेल तर तोच ओव्हन चालेल. मात्र अन्न आणि गोळे एका वेळी आत नकोत, ताट वेगळे असावे, आणि ओव्हन निवल्यावर आतल्या भिंती साबणाच्या फडक्याने पुसाव्या, कारण मृदुकारकाचा किंचित थर तेथे बसू शकतो. जी रोजच दागिने करून विकते तिने वेगळा लहान ओव्हन घ्यावा. घरचे पोळपाट-लाटणे तर या गोळ्याला लावूच नये. लाकूड तेल पिते. कच्चा गोळा मळल्यावर साबणाने हात धुवावे, मगच कणकेला हात घालावा.

एवढे करूनही वस्तू जळलीच, तर प्रथम वीज बंद करावी. दार उघडून डोकावू नये. खिडक्या उघडाव्या, मुलांना घेऊन बाहेर जावे. ओव्हन पूर्ण निवल्यानंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आतून पुसावा. सोडा आम्ल मारतो.

भाजलेल्या वस्तूत खाणेपिणे ठेवू नये, हे सांगितले जाते. पण दिवाळीच्या सुमारास याच गोळ्यांच्या पणत्या होतात, त्यांबद्दल कोणी बोलत नाही. ज्योतीची उष्णता कित्येक शे अंशांची. वात कलली, काठाला टेकली, की जे ओव्हनमध्ये होऊ नये म्हणून एवढा खटाटोप केला ते देवघरात होते. ती पणती मांडावी, रांगोळीत ठेवावी. तेल मात्र कुंभाराच्याच पणतीत घालावे.