लेखांक ६ : नसलेल्या फायलींचा शोध

प्रोसेसर जवळजवळ रिकामा, मेमरी मुबलक, तरी प्रोग्रॅम सुरू व्हायला पाच-सहा सेकंद घेतो. लगेच पुन्हा चालवला, तर झटकन उघडतो. ही खूण दिसली की माझा पहिला संशय डिरेक्टऱ्यांच्या शोधावर जातो.

लिनक्सवर यासाठी 'एसट्रेस' हे साधन आहे. प्रोग्रॅम कर्नलला घालतो त्या प्रत्येक हाकेची ते नोंद ठेवतं. 'सी' हा पर्याय दिला की शेवटी तक्ता मिळतो. त्यातला वेळेचा रकाना मात्र दिशाभूल करतो. तिथे दिसतो तो कर्नलने वापरलेला प्रोसेसरचा वेळ. सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहण्यात गेलेला वेळ त्यात येत नाही. त्यासाठी 'डब्ल्यू' जोडावा लागतो. 'एफ'ही जोडावा, कारण पुष्कळदा आपण सुरू करतो ती शेल स्क्रिप्ट असते आणि खरा प्रोग्रॅम तिच्या पोटातून निघतो. मग चुकांचा रकाना पाहा. 'ओपनॅट'च्या बहुतेक हाका 'ईएनओईएनटी', म्हणजे 'अशी फाईल नाही', असं उत्तर घेऊन परतत असतील, तर दुखणं सापडलं.

या हाका बहुधा डायनॅमिक लोडरच्या असतात. प्रोग्रॅमला लागणाऱ्या लायब्रऱ्या तो आधी 'एलडी_लायब्ररी_पाथ'मध्ये, मग प्रोग्रॅममध्येच कोरलेल्या 'रनपाथ'मध्ये शोधतो. सगळ्या सिस्टिमची तयार यादी, 'एलडी.एसओ.कॅश', त्यानंतर उघडली जाते. समजा, लायब्रऱ्या ४० आहेत आणि प्रत्येक सापडण्याआधी सरासरी १५ डिरेक्टऱ्या धुंडाळाव्या लागतात. फुकट गेलेल्या हाका झाल्या ६००. स्थानिक डिस्कवर हे जाणवणारही नाही. पण त्या डिरेक्टऱ्या एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कपलीकडच्या सर्व्हरवर, असतील आणि दर हाकेला दोन मिलिसेकंद लागत असतील, तर जवळजवळ सव्वा सेकंद तिथेच गेला. क्लस्टरवर हाच प्रोग्रॅम हजार नोडांवर एकदम सुरू केला, तर बिचाऱ्या सर्व्हरवर सहा लाख प्रश्न येऊन आदळतात.

दुसरी खेप वेगवान का? 'ही फाईल इथे नाही' हे उत्तरही कर्नल लक्षात ठेवतो. म्हणून मोजमाप नेहमी थंड कॅशवर, म्हणजे अशी उत्तरं साठलेली नसताना, करावं, नाहीतर मोजणाऱ्याला दोष दिसत नाही आणि सकाळी पहिल्यांदा प्रोग्रॅम उघडणारा माणूस तक्रार करत राहतो. त्याची तक्रार खरी असते.

उपाय करताना आधी 'एलडी_लायब्ररी_पाथ' तपासा. कुणीतरी कधीकाळी जोडलेल्या, आता नको असलेल्या वाटा तिथे साचलेल्या असतात. पायथनमध्ये हाच घोळ मोड्यूल शोधताना होत असे. २०१२ साली आलेल्या ३.३ आवृत्तीपासून पायथन डिरेक्टरीची यादी एकदाच वाचून जवळ ठेवतो. गीक्स या पॅकेज मॅनेजरमध्ये प्रत्येक पॅकेज वेगळ्या डिरेक्टरीत असल्याने हा त्रास मोठा होता. २०२१ मध्ये त्यांनी दर पॅकेजला स्वतःची लोडर-यादी दिली. लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या 'स्पिंडल'ने क्लस्टरचा प्रश्न सोडवला: मोजके नोड शोध घेतात आणि सापडलेलं बाकीच्यांना वाटतात.

पुढील आठवड्यात : सुरुवातीलाच होणारी डीएनएसची विचारणा.