कार्यप्रणालीचा गाभा आणि जागेची काटकसर

वीज मिळताच संगणक कामाला लागतो, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः त्यापूर्वी एक मूलभूत आज्ञावली साठवणीच्या जागेतून यंत्राच्या स्मृतीत उतरावी लागते. तिला कार्यप्रणालीचा गाभा किंवा कर्नल असे म्हणतात. कोणत्या आज्ञावलीने केव्हा चालावे, स्मृतीचा कोणता भाग कोणाला द्यावा, डिस्क व कळफलक यांच्याशी व्यवहार कसा करावा, हे सारे गाभाच ठरवितो. यंत्र चालू असेपर्यंत तो स्मृतीत ठाण मांडून असतो. साहजिकच गाभा जितका मोठा, तितकी इतर कामांना जागा कमी.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी ‘युनिक्स’ ही कार्यप्रणाली घडविली, तेव्हा हीच अडचण त्यांच्यापुढे होती. त्यांच्या पहिल्या पीडीपी-११ यंत्राची स्मृती अवघी २४ किलोबाइट होती. त्यांपैकी १६ किलोबाइट कार्यप्रणालीने व्यापली होती. वापरणाऱ्याच्या आज्ञावलीसाठी उरली होती केवळ ८. पुढे १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या वर्णनानुसार, १४४ किलोबाइट स्मृतीच्या यंत्रावर युनिक्सने ४२ किलोबाइट जागा घेतली होती. मात्र तीत अनेक उपकरणांचे चालक भाग आणि प्रशस्त राखीव जागा समाविष्ट होत्या. आटोपशीर मांडणी केल्यास एकूण ५० किलोबाइट स्मृतीतही काम भागू शकते, असे त्याच वर्णनात नमूद केले होते.

या तपशिलातच काटकसरीचा पहिला मार्ग दिसतो, तो म्हणजे निवड. जे उपकरण यंत्राला जोडलेलेच नाही, त्याचा चालक भाग गाभ्यात कशाला हवा? १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी आरंभिलेल्या ‘लिनक्स’मध्येही गाभा बांधताना असे भाग वगळता येतात.

दुसरा मार्ग सुट्या भागांचा, म्हणजे मोड्यूलचा. पाहुणे आले म्हणजे माळ्यावरच्या गाद्या काढाव्यात, तसा हवा तो भाग ऐन वेळी स्मृतीत आणला जातो. येथे एक पथ्य पाळावे लागते. ज्या डिस्कवर सुटे भाग ठेवले आहेत, ती वाचणारा भाग केवळ तिच्यावरच ठेवून चालत नाही. पेटीची किल्ली पेटीतच बंद केल्यासारखे ते होईल.

तिसरा मार्ग संक्षेपणाचा. गाभा आकसून साठविला जातो आणि यंत्र सुरू होताना उलगडला जातो. यामुळे साठवणीची जागा वाचते. स्मृतीची मात्र वाचत नाही, हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

या तिन्ही उपायांनाही मर्यादा आहे. घरोघरी इंटरनेट पोहोचविणाऱ्या अनेक जुन्या राउटरांत साठवणीला ४ मेगाबाइट आणि स्मृतीला ३२ मेगाबाइट एवढीच जागा असे. त्यांवर चालणाऱ्या ‘ओपनडब्ल्यूआरटी’ या लिनक्सवर आधारित प्रणालीने २०२१ च्या आवृत्तीपासून किमान ८ व ६४ मेगाबाइटची अट घातली. वाढत्या गाभ्याला जुनी जागा पुरेनाशी झाली होती. अशा यंत्रात बिघाड काहीच नसतो. परंतु नवी आवृत्ती मावत नाही, म्हणून सुरक्षिततेच्या दुरुस्त्याही त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. धडधाकट यंत्र मग धोक्याचे ठरते किंवा भंगारात जाते. गाभ्यातून वाचविलेल्या प्रत्येक किलोबाइटचे खरे मोल येथे कळते: तो यंत्राचे आयुष्य वाढवितो.