रोमच्याही आधी इथिओपिया

आफ्रिकेत ख्रिस्ती धर्म युरोपियन मिशनऱ्यांनी नेला, हा समज इथिओपियापुरता तरी साफ चुकीचा आहे. रोमन साम्राज्याने इ. स. ३८० मध्ये हा राजधर्म ठरवला. त्याच्या काही दशके आधीच प्राचीन इथिओपियातल्या अक्सुम राज्याचा राजा एझाना ख्रिस्ती झाला होता आणि त्याच्या नाण्यांवर चंद्रकोरीच्या जागी क्रूस आला होता.

इथल्या ऑर्थोडॉक्स चर्चची उपासना गीझ या प्राचीन भाषेत चालते. त्यांच्या बायबलात ८१ ग्रंथ आहेत. त्यांतला हनोखचा ग्रंथ संपूर्ण स्वरूपात टिकला तो केवळ गीझमध्ये. हे जगावरचे मोठेच ऋण म्हणायला हवे.

इथिओपियातल्याच लालिबेला गावची ११ चर्च अखंड खडकातून कोरलेली आहेत. त्यांतले सेंट जॉर्जचे चर्च तर वेरूळच्या कैलासासारखे वरून खाली कोरत नेलेले, आणि वरून पाहिले की छतच क्रूसाच्या आकाराचे दिसते. ती नुसती स्मारके नाहीत. तिथे आजही उपासना होते आणि ७ जानेवारीच्या नाताळाला पांढऱ्या वस्त्रांतले हजारो यात्रेकरू जमतात.

ऑर्थोडॉक्स अनुयायांना बुधवारी आणि शुक्रवारी उपास असतो. मांस, दूध, अंडी वर्ज्य. परंपरा इतकी स्वतंत्र असूनही या ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख मात्र शतकानुशतके इजिप्तहून येत. स्वतःचा पॅट्रिआर्क (सर्वोच्च धर्मगुरू) मिळाला तो १९५९ मध्ये.