विमानाच्या रेडिओतली दाटी

छोट्या विमानाचा वैमानिक टॉवरशी बोलतो ते 118 ते 137 मेगाहर्ट्झ एवढ्याशा पट्ट्यात. त्यात पूर्वी दर 25 किलोहर्ट्झला एक चॅनेल असे. युरोपात विमानं वाढली, चॅनेल पुरेनात. मग प्रत्येक जागेचे तीन तुकडे पाडले, 8.33 किलोहर्ट्झचे. 1999 मध्ये हे फार उंचावरून जाणाऱ्या विमानांपुरतंच होतं, 2018 पासून छोट्या विमानांनाही लागू झालं. हौशी वैमानिकांच्या खिशाला ते चांगलंच झोंबलं.

गंमत आकड्यांची आहे. रेडिओवर 118.000 लावा नाहीतर 118.005, लहर एकच: बरोब्बर 118 मेगाहर्ट्झ. शेवटचा पाच फक्त एवढंच सांगतो, की अरुंद चॅनेल वापर. जुन्या रेडिओला हे कळत नाही. तो रुंदच ऐकतो, म्हणून शेजारच्या चॅनेलवरचं बोलणं त्यात घुसतं. आणि तो बोलू लागला की शेजाऱ्याच्या कानात कचरा.

पण ऐकू न येण्याचं खापर दर वेळी चॅनेलवर फोडू नये. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. हजार फुटांवरून जमिनीवरच्या स्टेशनपर्यंत फार तर 70 किलोमीटर, मध्ये डोंगर आला की तेही नाही. शिवाय स्पार्क प्लगच्या वायरचं आवरण फाटलेलं, अँटेनाचा जोड गंजलेला, कॉकपिटमध्ये स्वस्तातला मोबाइल चार्जर. इंजिनाचा वेग वाढवल्यावर खरखरीचा सूर बदलला, तर दोष इंजिनाच्या बाजूला शोधावा. आणि नव्या रेडिओचे पैसे मोजण्याआधी तो चार्जर एकदा काढून पाहावा.