नीट दिली, पण फौजी डॉक्टरकीचा पर्याय भरला का? अशी आहे प्रक्रिया

जालना : नवीन जालन्यात खोली करून नीटची तयारी करणारी भोकरदन, मंठा, घनसावंगीकडची मुलं निकाल लागला की राज्याच्या सीईटी सेलचा फॉर्म भरतात. पण पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे एएफएमसीत, त्या फॉर्मवर प्रवेश मिळत नाही. तिथे एमबीबीएसला मुलांच्या ११५ आणि मुलींच्या ३० जागा आहेत.

फॉर्म कुठे भरायचा?
केंद्राच्या एमसीसी वेबसाइटवर नोंदणी करून एएफएमसीचा पर्याय निवडायचा. तारीख हुकली, तर नीटला कितीही मार्क असोत, उपयोग नाही. पुढे निवडक विद्यार्थ्यांना पुण्याला बोलावतात. इंग्रजी व तर्कशक्तीची परीक्षा, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी होते. उमेदवार अविवाहित हवा, शिक्षण चालू असताना लग्न करता येत नाही. बारावीचे फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी पहिल्याच प्रयत्नात पास हवेत.

खर्च किती?
शिक्षणाचा खर्च सरकार करतं. बदल्यात सैन्यदलात नोकरी करण्याचा बाँड लिहून द्यावा लागतो. मध्येच सोडलं तर लाखो रुपये भरावे लागतात. म्हणून घरात नीट विचार करूनच सही करावी.

प्रशिक्षणात वेगळं काय?
एमबीबीएस तेच, साडेचार वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप. पुढे लष्करी डॉक्टरांना लखनऊच्या आर्मी मेडिकल कोअर केंद्रात प्रशिक्षण मिळतं. सीमेवर मोठं हॉस्पिटल जवळ नसतं. आधी रक्तस्राव थांबवायचा, कोणाला पहिलं हलवायचं ते ठरवायचं, तंबूत दवाखाना उभारायचा. २०२३ मध्ये तुर्कस्तानात भूकंप झाला, तेव्हा भारतीय लष्कराच्या ६० पॅरा फील्ड हॉस्पिटलने तिथे जाऊन जखमींवर उपचार केले. अशी तयारी आधीच असावी लागते.

मुलींसाठी आणखी एक वाट
मिलिटरी नर्सिंगचा चार वर्षांचा बीएस्सी कोर्स पुण्यात आणि मुंबईच्या अश्विनी नौदल रुग्णालयातही आहे. त्यालाही नीट लागते. फॉर्म मात्र भारतीय सैन्याच्या भरती वेबसाइटवर वेगळा भरायचा.

अटी आणि तारखा दरवर्षी अधिकृत वेबसाइटवरच बघा. पैसे घेऊन ‘फौजेत सीट लावून देतो’ म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका.