कडीभर विणकाम

कापडाचा वारसा म्हटलं की पैठणी, इरकल, हिमरू अशी नावं पुढे येतात. बटणाची आठवण कुणाला होत नाही. शिंप्याच्या डब्यातली ती किरकोळ वस्तू. एक तुटलं, दुसरं लावलं. पण इंग्लंडच्या नैर्ऋत्येला डॉर्सेट नावाचा परगणा आहे. तिथली गावंच्या गावं दोनशे वर्षांहून जास्त काळ बटणांवर जगली आणि ती बटणं सुईदोऱ्याने, एकेक करून, हातांनी बनत होती. त्या प्रदेशाच्या कापडकामाचा इतिहास लिहायचा तर तो बटणापासूनच सुरू करावा, असं मला मनापासून वाटतं.

या धंद्याची सुरुवात अब्राहम केस यांनी 1622 मध्ये शाफ्ट्सबरी गावात केली, असं मानलं जातं. माल आसपासचाच होता. डॉर्सेटच्या मेंढ्यांना नर-मादी दोघांनाही शिंगं असतात. त्या शिंगाची पातळ चकती कापायची, तिच्यावर लिननचा तुकडा ओढून घ्यायचा आणि वरून लिननच्याच दोऱ्याने बारीक टाके घालत जायचे. उंच शंकूसारखं झालं तर ते ‘हाय टॉप’, बसकं झालं तर ‘नॉब’. या नॉबच्या नावाचं एक गोल, कडक बिस्कीट डॉर्सेटमध्ये अजून खातात. पहिला चार्ल्स राजा 1649 मध्ये वधस्तंभाकडे गेला तेव्हा त्याच्या अंगातल्या बंडीला डॉर्सेटची बटणं होती, असंही तिथे सांगतात.

अठराव्या शतकात शिंगाची जागा तारेच्या कडीने घेतली आणि खरी बहार आली. बर्मिंगहॅमहून तार यायची. ती पिळून कड्या करायच्या, टोकं डाख देऊन जोडायची, मग कड्या मोजून दोऱ्यात ओवायच्या. ही कामं बरीचशी मुलांच्या वाट्याला. पुढचं सगळं बायकांच्या सुईवर.

डॉर्सेटमधल्या ब्लँडफर्ड गावाच्या नावाचा ‘ब्लँडफर्ड कार्टव्हील’ हा नमुना जवळून बघण्यासारखा आहे. आधी कडीभोवती दाटीवाटीने काजटाका घालतात, तोच आपण शर्टाच्या काजाला घालतो तो. टाक्यांची गाठाळ कड बाहेरच्या अंगाला आलेली असते. ती नखाने किंवा एखाद्या गुळगुळीत पट्टीने आत फिरवतात. त्यामुळे बटणाची बाहेरची कड मऊ होते आणि काजात अडकत नाही. नंतर दोरा कडीच्या आरपार, पुढून-मागून घेत चाकाच्या आऱ्या टाकतात आणि मधोमध फुलीचा टाका घालून त्या एकत्र आवळतात. शेवटी प्रत्येक आरीला मागून वळसा घेत टीप घालत मध्यापासून कडेपर्यंत जातात. नखाएवढ्या जागेत ताणा आहे, बाणा आहे, काठही आहे. मागाविना झालेलं हे पूर्ण विणकाम आहे आणि म्हणूनच त्याला नुसता दागिना म्हणणं मला अपुरं वाटतं.

ब्लँडफर्डच्याच सिंगलटन घराण्याच्या नावाचं बटण निराळं: कडीवर कापड मढवून मध्ये भरतकाम. ‘बर्ड्‌स आय’, ‘हनीकोम्ब’, ‘बास्केट वीव्ह’ हेही नमुने होते. व्यापाऱ्यांची नावं कागदोपत्री राहिली. नमुने घडवणाऱ्या बायकांची नावं मात्र फारशी सापडत नाहीत. शेतात राबण्यापेक्षा घरात बसून हे काम बरं, पैसाही बरा, म्हणून त्यांनी ते धरलं होतं. या बटणांना कलावस्तू म्हणताना त्यामागचं पोट विसरणं मला पटत नाही. कारण 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनात बटणं करणारं यंत्र झळकलं आणि थोड्याच वर्षांत हा धंदा कोसळला, तेव्हा उपासमार त्याच घरांत शिरली. अनेक कुटुंबांनी समुद्रापलीकडची वाट धरली.

दोऱ्या-कापडाची बटणं फक्त डॉर्सेटचीच नव्हती. इंग्लंडच्याच उत्तरेकडच्या मॅकल्सफील्डमध्ये लाकडी गाभ्यावर रेशमाचा दोरा गुंडाळून बटणं होत. ते गाव पुढे रेशमाचं मोठं केंद्र झालं, त्याची पायवाट या बटणांनीच पाडली. चीनमधल्या ‘पानकौ’ गुंडीची तऱ्हा आणखी सुंदर. कापडाची तिरपी पट्टी दुमडून, शिवून तिची दोरी करायची आणि त्या दोरीची गाठ हीच गुंडी. आपल्या बाराबंदीने गुंडी टाळून बंदांवर काम भागवलं, पण अंगावरचं कापड कापडानेच आवळायचं ही समज दोन्हीकडे सारखीच.

डॉर्सेटची विद्या पुरती मेली नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिचेट मिन्स्टरच्या लेडी लीस यांनी ती पुन्हा उभी करायचा प्रयत्न केला. पहिल्या महायुद्धाने तो मोडला. नंतर महिला मंडळांतून, हौशी हातांतून ती टिकली. आज पांढऱ्या लिननऐवजी रंगीत लोकर आणि सुती दोरे वापरतात. मला त्यात काही वावगं वाटत नाही. टाके तेच आहेत. पडद्याची पितळी कडी, जाडसर दोरा आणि बोथट सुई एवढ्यावर कुणालाही सुरुवात करता येते. नवख्या हाताला आऱ्या मध्यावर आणणं जड जातं. त्या एका बाजूला सरकल्या तर फुलीचा टाका घालण्याआधीच सुईच्या टोकाने मधोमध ओढून घ्याव्यात. एकदा टीप सुरू झाली की चाक सरळ करता येत नाही.