खांदा दुखत होता, मग मनगट का तपासले?

एप्रिलमध्ये आमच्या माउंटन बायकिंगच्या सरावात मी पडलो आणि उजव्या बाजूची कॉलरबोन मोडली. तेव्हापासून ज्युनियर कॅडेट एकच विचारतात, ‘‘सर, हाताने सायकल चालवत नव्हता ना, मग हाड कसे मोडले?’’ म्हणून हे सविस्तर.

उन्हाळ्याच्या तोंडावर चीडच्या सुकलेल्या सुया पायवाटेवर पसरतात. इकडे उत्तराखंडात त्यांना पिरूल म्हणतात. दिसायला मऊ, पण टायर त्यावरून घसरतो आणि खाली काय आहे ते दिसत नाही. त्या दिवशी खाली दगड होता. पुढचे चाक अडले, सायकल थांबली, मी थांबलो नाही. नववीच्या पुस्तकातले जडत्व ते हेच. हँडलवरून पलीकडे जाऊन मी थेट खांद्यावर आपटलो.

आपला हात धडाला हाडाने जोडला जातो तो फक्त कॉलरबोनमुळे. बाकी सगळी जोडणी स्नायूंची. त्यामुळे खांद्यावर बसलेला धक्का या एका हाडातून छातीकडे जातो. हे हाड इंग्रजी ‘एस’सारखे वळलेले असते आणि मधल्या भागात बारीक असते. बहुतेक वेळा ते तिथेच मोडते.

एम.आय. रूममध्ये नर्सिंग असिस्टंटनी खांद्याला हातही लावला नाही. आधी मनगटाची नाडी पाहिली, बोटे पसरायला लावली, मुंग्या येतात का विचारले. मला नवल वाटले. नंतर कळले की हाताकडे जाणाऱ्या मोठ्या नसा आणि रक्तवाहिन्या कॉलरबोनच्या खालूनच जातात. हात थंड किंवा बधिर पडला, श्वास लागला, किंवा हाडाचे टोक कातडी वर ढकलत असेल, तर एक मिनिटही न दवडता हॉस्पिटल गाठायचे.

घरी फोन गेला तेव्हा आईचा पहिला प्रश्न होता, ‘‘डोकं ठीक आहे ना?’’ डॉक्टरांचाही तोच. मी बेशुद्ध पडलो नव्हतो, तरी रात्रभर लक्ष ठेवले गेले. कारण मेंदूला हादरा बसायला बेशुद्धी लागत नाही, आणि डोकेदुखी, उलटी, गोंधळ ही लक्षणे काही तासांनीही दिसू शकतात. इंटर-हाऊस जवळ आली की आपल्यापैकी काही जण डोके दुखत असूनही उस्तादांना सांगत नाहीत. हा शूरपणा मला पटत नाही. पहिला हादरा भरून येण्याआधी दुसरा बसला तर जिवावर बेतू शकते.

माझे हेल्मेट बाहेरून शाबूत होते, तरी ते बाद केले. आतला थर्मोकोलसारखा थर स्वतः चिरडून धक्का घेतो, आणि एकदा चिरडला की पुन्हा फुगत नाही.

ऑपरेशन लागले नाही. सहा आठवडे हात झोळीत होता. कोपर आखडू नये म्हणून दिवसातून काही वेळा तो हलवायचा, एवढाच व्यायाम. या काळात मोडलेल्या जागी आधी रक्त साकळते, मग मऊ पेशींचा पूल तयार होतो आणि त्याचे हाड होते. हा पूल गरजेपेक्षा जाड बांधला जातो. सुट्टीत घरी गेलो तेव्हा आईच्या बोटांना खांद्याजवळ सुपारीएवढी गाठ लागली आणि ती घाबरली. ती गाठ म्हणजे तो पूलच. येत्या काही महिन्यांत शरीर तो झिजवून बारीक करील. थोडासा उंचवटा मात्र उरेल, असे डॉक्टर म्हणाले.